उपाशी पाहुणी

फुकटात कुणी काय देतं का? मी तवाच सुनेला म्हणले, "माले, ही बाई कायतरी डाव घेऊन आलीया."

शिवकन्या तिचं नाव. अंबाजोगाईच्या कोणत्या तरी संस्थेची. नेकनूरला एसटीतून उतरायची आन् आमच्या वस्तीवर चालत यायची. खांद्याला पिशवी, हातात वही. गावात धान्य बँक काढलीया म्हणं, ज्याच्या घरी नड हाय त्यानं ज्वारी न्यावी. बँकेत ज्वारी! स्टँडवर थंड्याच्या बाटल्या आल्या, पाटलाच्या माडीवर टीव्हीची थाळी आली, तसंच हे बी एक नवं खूळ.

माझा सुग्रीव कोयता घेऊन माजलगावकडं ऊसतोडीला गेलता. घरात मी आन् बाळंतीण माला. पोरगं वीस दिवसाचं. पहिल्या खेपेला मी शिवकन्याला चहाचं विचारलं. घरात पत्ती न्हवती. ती "नको मावशी" म्हणाली तवा माझा जीव भांड्यात पडला. पर तिची नजर सारखी चुलीकडं. मला काय कळत न्हाई व्हय? आधी गोड बोलायचं, वहीत अंगठा घ्यायचा, मग सुनेला पोरं बंद करायच्या ऑपरेशनच्या जीपमधी बसवायचं. "आमच्यात समदं भरलेलं हाय," म्हणले आन् तिला वाटंला लावली.

दुसऱ्या खेपेला दारच उघडलं न्हाई. आत पोरगं किरकिरत होतं. माला दोन दिस नुसत्या पेजेच्या पाण्यावर, दूध कुठून उतरणार? मला दिसत न्हवतं असं न्हाई. पर त्या ऑपरेशनात सुनेचं काय बरंवाईट झालं तर सुग्रीवला कोणतं तोंड दाखवू?

तिसऱ्या खेपेला ती भर दुपारी आली. हातात वही न्हवती. ओट्यावर टेकली, पदरानं घाम पुसला.

"मावशी, सकाळपासून पोटात काही नाही. चतकोर भाकरी देता का?"

दारात आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं? माझ्या हातून असं कधी झालं न्हवतं. उतरंडीकडं बघितलं. बघून काय हुतंय? मला रडूच फुटलं.

"घरात पीठ न्हाई गं, बाई."

तिनं पिशवीतून ज्वारीचं पीठ काढून म्होरं ठेवलं. "मला काही भाकरी थापता येत नाही," म्हणाली. "तुम्ही थापा, तिघी जेवू."

अंबाजोगाईची पोरगी आन् भाकरी येत न्हाई! मी डोळं बारीक करून बघितलं. पर चूल पेटवली. पाहुणीसाठी पेटवली, माझ्यासाठी न्हाई. मालानं दोन भाकरी खाल्ल्या. शिवकन्यानं कशीबशी चतकोर संपवली आन् पोट भरलं म्हणाली.

"लबाड हायेस," मी म्हणले. "जेवून आलतीस तू."

ती नुसती हसली. उरलेलं पीठ तिथंच ठेवून उठली. मी वाटंपोतर तिच्या मागं गेले.

"उद्या येशील तर उपाशी ये," म्हणले. "आन् ती वही बी आण. पर अंगठा माझा घे, सुनेचा न्हाई."