जन्माचाच हात

कमळाच्या उजव्या हाताचा अंगठा धड होता, करंगळीही जवळपास धड. मधली तीन बोटं मात्र पहिल्या पेरावरच थांबलेली, कातडीनं एकमेकांना जुळलेली, आणि टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढी नखं. कुरखेड्याकडच्या तिच्या माहेरी या हाताचं कुणाला काही वाटत नसे. ती पाळण्यात होती तेव्हापासून सगळ्यांनी तो पाहिलेला. रोवणीच्या दिवसांत ती धानाच्या रोपांची पेंढी त्या हाताच्या बेचक्यात धरायची आणि डाव्या हातानं चिखलात रोपं खोचत बांधाकडे सरकायची. तिच्या ओळीत कधी खंड पडत नसे.

दुसरी गोष्ट माहेरीही फक्त तिच्या आईला ठाऊक होती. कमळा वयात आली तेव्हा तिच्या छातीची डावी बाजू भरली, उजवी भरलीच नाही. काखेपासून बरगड्यांपर्यंत सपाट राहिली. आईनं चोळीच्या उजव्या बाजूला आतून कापसाची घडी शिवून दिली. म्हणाली, "हात दिसते, त्याले इलाज नाई. हे नाई दिसत. कोणाले सांगू नको."

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तिचं लग्न सावली नावाच्या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात बिरजूशी झालं. बघायला आला तेव्हा तिनं हात पदराखाली घेतला नाही. बिरजूनं पाहिला, काम करता येतं का एवढंच विचारलं आणि होकार दिला. छातीचं त्याला लग्नानंतर कळलं. काही दिवसांनी ती स्वतःहून रडायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "माह्या पायाची दोन बोटं वाकडी हायेत. तू कधी काही म्हटलं का?"

बिरजूचा बाप तो लहान असतानाच वारला होता. आई गुणाबाईनं एकटीनं धानाची शेती सांभाळून त्याला वाढवलं. बाई कामाला कडक होती, पण सुनेच्या ताटात आधी वाढायची. रोवणी झाली. कमळाला दिवस गेले. गुणाबाई शेजारणींना सांगत फिरायची की सून मिळाली तर अशी मिळावी.

दिवाळीच्या आधी, हलका धान कापायला आला तेव्हा, गावात महारोगाची तपासणी करणारे लोक आले. पाराजवळ त्यांनी चित्रांचे कागद टांगले. अंगावरचा चट्टा, बसलेलं नाक, बोटं झिजलेला हात. असं काही कुणाला दिसलं तर सावलीला बाजाराच्या दिवशी डॉक्टर बसतो, तिथं यावं, असं सांगून ते पुढच्या गावाला गेले.

शेजारची चंदा त्या हाताच्या चित्राजवळ बराच वेळ उभी होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कमळानं दोराला हात घातला तेव्हा ती मागं सरली.

"तुह्या हाताले कधीपासून असं हाय गं?" तिनं विचारलं.

"जन्मापासून."

"कोण पाह्यलं?" चंदा म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती.

पाहणारे सगळे दूर कुरखेड्याकडे होते. सासरच्या गावात तिचा हात उन्हाळ्यापासूनचाच होता. संध्याकाळपर्यंत विहिरीवर बायका तिला म्हणू लागल्या की तू बाजूला उभी राहा, आम्हीच तुझी घागर भरून देतो. गुणाबाईच्या कानावर हे गेलंच.

गुणाबाईच्या सख्ख्या भावाला महारोग झाला होता. गावानं त्याला नदीकाठी झोपडी बांधून दिली होती. ती तरुण असताना रोज भाकर घेऊन जायची, दगडावर ठेवायची आणि लांब उभी राहून तो खाईपर्यंत थांबायची. त्याची बोटं कशी गेली ते तिनं पाहिलं होतं. त्यामुळं ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त कमळाचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत नेऊन टाकलं आणि तिचं ताट वेगळं काढलं.

"माय, हे का करून राह्यली?" बिरजूनं विचारलं.

"पोटात लेकरू हाय तिच्या. मी एक माणूस असं गेलेलं पाह्यलं. दुसरं नाई पाहायचं मले."

"जन्माचं हाय ते. तिच्या बापानं सांगितलं होतं ना."

"पोरीचा बाप आणखी का सांगन?"

कमळा पडवीत बसून हे ऐकत होती. आपल्याला माहेरी पाठवतील, लेकरू तिथंच होईल, मग तेही इकडं कुणी आणू देणार नाही, असं तिला वाटत होतं. महारोगात बोटं बधिर होतात असं तिनं ऐकलं होतं, म्हणून एकदा तिनं सुईनं बोटाच्या टोकाला टोचून पाहिलं. दुखलं. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. तपासणीवाल्यांनी काय काय सांगितलं होतं ते तिला नीट आठवत नव्हतं, आणि आपल्याला खरंच तो रोग असेल तर, हा विचार आता तिच्याही मनात शिरला होता.

बाजाराच्या दिवशी बिरजूनं रेंगीला बैल जुंपले. "डाक्टरले दाखवतो," तो म्हणाला.

गुणाबाई लुगड्याचा पदर खोचून गाडीत चढून बसली. "मी बी येतो. तू बायकोसाठी खोटं बोलशील."

सावलीला डॉक्टर एका कौलारू खोलीत बसायचा. तो नागपूरकडचा, मध्यमवयीन, हळू बोलणारा माणूस होता. बाहेरच्या ओट्यावर पाच-सात माणसं बसली होती. त्यांत जंगलाकडच्या खेड्यातून आलेली मंगली नावाची एक बाई होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं आखडलेली होती. तिनं सरकून कमळाला जागा करून दिली. कमळा बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

पहिल्यांदा आलेल्यांना आधी घेत. आत बोलावल्यावर डॉक्टरनं कमळाला डोळे मिटायला सांगितले. कोंबडीच्या पिसानं तिच्या बोटांना, तळव्याला, मनगटाला हळूच स्पर्श केला आणि कुठं लागलं ते दाखवायला सांगितलं. तिनं प्रत्येक जागा बरोबर दाखवली. मग त्यानं गरम पाणी भरलेली काचेची नळी लावली, थंड पाण्याची लावली. कोपराच्या मागची शीर चाचपून पाहिली. पाठीवर, गालांवर कुठं चट्टा आहे का पाहिलं.

"हा महारोग नाही," तो म्हणाला.

बिरजूनं आईकडे पाहिलं. गुणाबाई दाराशी उभी होती, ती हलली नाही.

"मंग बोटं गेली कुठी, साहेब?" तिनं विचारलं. "माह्या भावाची गेली होती. मी डोळ्यानं पाह्यली."

डॉक्टर तिच्यावर वैतागला नाही. त्यानं कमळाचा हात तिच्यापुढं धरला. "आई, ही नखं बघा. महारोगात बोटं झडतात तेव्हा अशी सारखी नखं टोकाला राहत नाहीत. आणि ही बोटं एकमेकांना जुळलेली आहेत. आईच्या पोटातच ती सुटी झाली नाहीत."

"तुमी शिकलेले. पण गाव मले विचारन, जन्माचं हाय हे तू कशावरून म्हणते. मी का सांगू?"

डॉक्टरनं कमळाच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मग त्यानं बिरजूला विचारलं, "हिच्या या बाजूच्या छातीत काही वेगळं आहे का?"

बिरजूनं मान खाली घातली. कमळाचं तोंड पांढरं पडलं.

"घाबरू नका, बाई," डॉक्टर म्हणाला. "मी विचारतो याला कारण आहे. मी नागपूरला शिकत असताना आमच्या टेबलावर चिरफाडीसाठी एका माणसाचं प्रेत आलं होतं. त्याचा हात असाच होता. आत पाहिलं तर त्याच बाजूचा छातीचा मोठा स्नायू नव्हताच. आमच्या शिक्षकांनी सांगितलं की असं क्वचित दिसतं, पण दिसतं तेव्हा पुष्कळदा दोन्ही एकत्र दिसतं. कोणताही रोग छातीतला स्नायू असा नेमका काढून नेत नाही. तो जन्मताच नसतो."

मग डॉक्टर गुणाबाईकडे वळला. "मी तपासणार नाही. तुम्हीच तपासा. तुमच्या काखेच्या पुढच्या बाजूला बोटांनी धरून बघा. जाड पट्टा हाताला लागतो का?"

गुणाबाईनं पदराखालून चाचपलं. "लागते."

"हिच्या दोन्ही बाजूंना तसा लागतो का ते पडद्याआड जाऊन बघा. डावीकडे लागेल. उजवीकडे लागला तर माझं चुकलं."

कोपऱ्यात लुगड्याचा पडदा लावलेला होता. दोघी त्यामागं गेल्या. चोळीची गाठ कमळाला सुटेना. गुणाबाईनं ती सोडली. कापसाची घडी तिच्या हाताला लागली, तेव्हा ती थांबली.

"हे का हाय?"

"मायनं शिवून देल्लं," कमळा पुटपुटली. "आत्या, मी तुमाले फसवलं नाई. मले सांगाची लाज वाटे."

गुणाबाईनं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. काखेपुढं चिमटीत धरायला गेली. हातात नुसती कातडी आली, तिच्याखाली बरगडी. तिनं पुन्हा एकदा डावीकडे धरून पाहिलं. मग तिनं तळहात त्या सपाट जागेवर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. कमळाला सासूच्या हाताची ऊब लागत होती.

"दुखते का इथी?" गुणाबाईनं विचारलं.

"नाई."

"कधीच?"

"नाई, आत्या."

गुणाबाईनं चोळीची गाठ स्वतःच बांधून दिली. बाहेर येऊन म्हणाली, "नाई हाय तिथं. मुळातच नाई हाय." आणि खाली बसून तोंडाला पदर लावला.

बिरजूनं तिला पाणी दिलं. मग तिनं एकच विचारलं, "लेकराले दूध पुरन का?"

"एका बाजूचं पुरतं," डॉक्टर म्हणाला. "थोडं जास्त वेळा पाजावं लागेल. आणि लेकरू बहुतेक असं होणार नाही. हिच्या घरात आणखी कुणाचा असा हात आहे का?"

"कोणाचाच नाई," कमळा म्हणाली. तिथं गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलली होती.

निघताना गुणाबाई दारात थबकली. "साहेब, ज्यायले खरंच हाय, त्यायचं का?"

"आता गोळ्या आहेत. बराच काळ घ्याव्या लागतात, पण रोग थांबतो. कुणाला गोठ्यात किंवा नदीकाठी ठेवायची गरज नाही."

"माह्या भावाच्या वक्ताले नव्हत्या."

"नव्हत्या," डॉक्टर म्हणाला.

बाहेर ओट्यावर मंगली अजून बसलेली होती. कमळाचा चेहरा पाहूनच तिला कळलं. "तुह्यं बरं झालं बाई," ती म्हणाली. कमळाला स्वतःच्या आनंदाची एकदम लाज वाटली. मघाशी तिनं जिथं बसायचं टाळलं होतं, तिथं ती बसली. मंगलीनं लेकरू कधीचं ते विचारलं, कमळानं सांगितलं. मंगलीला आत बोलावलं तेव्हाच कमळा उठली.

परतताना गुणाबाईनं बाजारातून मुरमुरे आणि गूळ घेतला. गाडीत सुनेच्या ओंजळीत घातला आणि त्याच ओंजळीतून स्वतःही खाल्ला. बिरजू पुढं बसून बैलांशी उगाच बोलत होता.

गावात शिरल्यावर गुणाबाई घरी न जाता तशीच विहिरीवर गेली. चंदा आणि आणखी काही बायका तिथं होत्या. तिनं त्यांना डॉक्टरचं सगळं सांगितलं. छातीचं मात्र तिनं एवढंच म्हटलं, "मी माह्या हातानं पाह्यलं. जन्माचंच हाय. ज्याले पटत नसन त्यानं मले विचारावं, तिले विचारू नये."

चंदाला पटायला दोन-तीन दिवस लागले. मग एका सकाळी ती आली आणि भरलेली वांगी कमळापुढं ठेवून म्हणाली, "मले भेव वाटलं होतं गं. माही बी लेकरं हायेत."

"मले बी वाटलं होतं," कमळा म्हणाली.

सावलीहून आले त्याच संध्याकाळी गुणाबाईनं पडवीतलं अंथरूण उचलून घरात आणलं आणि आपल्या खाटेशेजारी घातलं. कमळा जेवली आणि दिवा मालवायच्या आधीच झोपली. सकाळी ऊन अंगणात आलं, गुरं चरायला गेली, बिरजू कापणीला निघाला. जाताना तो तिला उठवायला लागला, तर गुणाबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"झोपू दे," ती म्हणाली, आणि झाडू घेऊन स्वतःच अंगण झाडायला लागली.