रिकाम्या ढोलीचे श्रेय

मी एक जुनी ढोली आहे. मी काठोकाठ भरलेली होते, तोवर या घराची म्हातारपणाची तरतूद दरवर्षी घटत होती. मी रिकामी झाले आणि ती वाढू लागली.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी ढोली पाहिली नसेल. बांबूच्या कामट्यांनी विणलेले, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेले, माणसाच्या उंचीचे धानाचे कोठार म्हणजे ढोली. मला सिहोऱ्याच्या एका बुरड कारागिराने विणले. डोमाजी आणि शकुंतलाबाई यांचे लग्न झाले, त्याच वर्षी मी त्यांच्या मधल्या खोलीत उभी राहिले.

घरातल्या दुसऱ्या ढोलीतले धान वर्षभर खाण्यासाठी असे. मला वेगळे काम मिळाले. "हे आपलं म्हातारपण हाय," असे म्हणत डोमाजी दर हंगामात माझ्यात एक पोते धान ओतत आणि माझे तोंड लिंपून टाकत. त्यामागे त्यांचा एक तर्क होता. आमच्या भागात जुन्या तांदळाला मान आहे. वर्ष-दोन वर्षे मुरलेला तांदूळ मोकळा शिजतो, भांड्यात फुगतो आणि नव्यापेक्षा महाग विकला जातो. हे निरीक्षण अचूक आहे. डोमाजींनी ते पुढे ताणले. दोन वर्षांत एवढी किंमत वाढते, तर वीस वर्षांत किती वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन वर्षांपलीकडचे निरीक्षण मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

त्या काळात माझे कौतुक पुष्कळ झाले. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी मला पाहत आणि मग डोमाजींच्या धाकट्या भावाला. मी भरलेली दिसत होते, यात खोटे काही नव्हते. मी भरलेली दिसतच होते.

मग एका उन्हाळ्यात बैलगाडीवरून पडून डोमाजींचा पाय मोडला. शस्त्रक्रियेसाठी पैसा हवा होता, म्हणून माझे तोंड फोडण्यात आले. शकुंतलाबाई पोती घेऊन तुमसरला गेल्या. व्यापाऱ्याने मूठभर धान तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. तळहातावर काहीच उरले नाही.

"बाई, हे धान नोहे, तूस होय," तो म्हणाला. "चुलीत घाला."

शस्त्रक्रिया शकुंतलाबाईंच्या पाटल्या विकून झाली. तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. त्या रडल्या नाहीत, असे मी म्हणणार नाही. त्या माझ्याच आडोशाला बसून रडल्या. पण पुढच्या हंगामात त्यांनी खाण्यापुरते आणि बियाण्यापुरते धान ठेवून उरलेले विकले, आणि घरी परतण्याआधी टपाल कार्यालयात लांब मुदतीचे खाते उघडले. त्यानंतर ज्या दिवशी धानाचे पैसे हाती येत, त्याच दिवशी त्यातला वाटा तिकडे जाई. दुष्काळाच्या वर्षी तो लहान झाला, थांबला नाही. कीड सोसणाऱ्या माझ्यासारख्या वस्तूला या शिस्तीचे नवल आजही वाटते.

साठाव्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला जाणे स्वतःच्या इच्छेने बंद केले. डोळ्यांचे ऑपरेशन त्यांनी कोणापुढे हात न पसरता करून घेतले.

गावाने त्याचे कारण शोधले आणि ते मी निघाले. "काकी, तुमची ढोली पावली," शेजारचे कवडू म्हणाले आणि माझ्यापुढे उदबत्ती लावून गेले. पुढे त्यांनी आपलीही ढोली रिकामी केली. धानाचे पैसे लग्नाचा मांडव आणि बँडबाजा यांत गेले. त्यांच्या घरी वाढले काहीच नाही. प्रयोग चांगला होता. निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

गेल्या महिन्यात नात तृप्ती आली. ती तुमसरच्या एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासण्याचे काम करते. आता तिला नागपूरला नवी नोकरी मिळाली होती, आणि जुन्या नोकरीतला पीएफ काढून तिला स्कूटी घ्यायची होती. अर्ज फोनवर भरून तयार होता. फक्त शेवटचे बटण दाबायचे बाकी होते.

"थोडेसेच तं हायेत, आजी," ती म्हणाली. "तेवढ्यानं कोणतं म्हातारपण निभते?"

शकुंतलाबाईंनी वाद घातला नाही. माझ्या आतल्या लिंपणात अडकून राहिलेले काही जुने दाणे त्यांनी नखाने काढले आणि तिच्या हातावर ठेवले. "तू तं मशीनखाली रक्त पाहतेस. हे पाहून सांग."

तृप्तीने दाणा उजेडात धरला, मग फोनच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिला. "आजी, याले भोक हाय. बारीक, गोल. आतून खाल्लं आन् उडून गेलं."

"वरून कसा दिसते?"

"भरला दिसते."

"मी तं ढोली रोज ठोकून पाहत होतो," बाजेवरून डोमाजी म्हणाले. "आवाज भरलाच येत होता."

"तुमाले कान होते, वजनाचा काटा नोहता," शकुंतलाबाई म्हणाल्या. मग त्या नातीकडे वळल्या. "पोरी, वीस वर्षाची शकुंतला मले आज भेटली, तं मी तिचा हात धरून सांगीन. बाई, थोडे हायेत म्हणून मोडू नोको. लग्नाच्याच साली खातं काढ. मी अडतीस वर्षाची होऊन चालू केलं, म्हणून साठीपर्यंत चिखलात वाकली. ते आधीचे साल खात्यात असते, तं माये गुडघे पन्नाशीतच चिखलातून सुटले असते. ती शकुंतला आता मले भेटत नाई. तू भेटलीस."

"आन् स्कूटी?"

"बसनं जा वर्षभर. तुया आबाजीची बैलगाडी तं हायेच."

"नोको!" तृप्ती हसली. "तिनंच तं पाय मोडला."

तिने तो अर्ज रद्द केला आणि जुनी रक्कम नव्या नोकरीच्या खात्यात वळवण्याचा दुसरा अर्ज भरला.

मित्रांनो, माझ्यापुढे उदबत्ती लावू नका; मी पावले नाही. नमस्कार करायचाच असेल, तर शकुंतलाबाईंना करा. पतंगाची अळी दाण्याच्या आत राहून गर खाते आणि टरफल शाबूत ठेवते, म्हणून माझ्यातल्या धानाची उंची कायम राहिली आणि वजन गेले. खात्यातल्या रकमेवर व्याज आले, त्या व्याजावर पुन्हा व्याज आले, आणि साठीपर्यंत शकुंतलाबाईंनी ते खाते मोडले नाही. कारण एवढेच आहे.