एकेचाळीस माणसांचं पॅकेज

मी एक पॅकेज बोलतोय. पगाराचं नव्हे आणि सहलीचंही नव्हे, तेव्हा उगाच खूश होऊ नका. मी कॉम्प्युटरमध्ये राहतो. मला खोका नाही, सुतळी नाही, वजन तर नाहीच. तरी मला एका माणसाने तीन रविवार बसून बांधलंय, आणि बांधताना त्याच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीपायी मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी खोटं बोललो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं सांगून टाकावं.

माझं काम तपासणीचं. लोक सॉफ्टवेअर बनवतात आणि ते नीट चालतंय का हे मी बघतो. बटण दाबलं की पान उघडतं का, लिहिलेलं नाव जपून ठेवलं जातं का, असलं सगळं. हे काम यंत्राकडून करून घ्यायचं तर एरवी कोड लिहावा लागतो. माझ्याकडे त्याची गरज नाही, माझ्याकडे रंगीत ठोकळे आहेत. ‘हे उघड’, ‘इथे लिही’, ‘हे दाब’, ‘हे दिसतंय का बघ’. एकाखाली एक रचले की तपासणी तयार. ज्याला एखाद्या पदार्थाची कृती सांगता येते, त्याला मी वापरता येतो.

मला पहिल्यांदा लिहिलं ते एका लिफ्ट तपासनिसाने. निवृत्त झाल्यावर घरच्यांच्या पायात पायात येऊ नये म्हणून हा उद्योग काढला, असं तो स्वतःच सांगायचा. त्याने मला कुलूप घातलं नाही. घ्या, वापरा, हवं ते बदला, फक्त बदललेलं लपवून ठेवू नका, एवढीच त्याची अट. मग कुठकुठल्या माणसांनी मला हात लावला. कुणी ठोकळे वाढवले, कुणी रंग बदलले. त्यातले कितीतरी जण एकमेकांना कधी भेटलेही नाहीत.

त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. सगळं अर्धवट झोपेतल्यासारखं होतं. माझा एक तुकडा इथे, तर एक समुद्रापलीकडे, आणि सगळे आपापल्या जागी पेंगत पडलेले. मला जागं करायचं तर सदतीस पायऱ्या होत्या. हे उतरवून घ्या, ते जोडा, अमुक आवृत्ती नको, तमुकच हवी. बहुतेक लोक एकोणिसाव्या पायरीला नाद सोडायचे. मला झोपेत त्यांचे सुस्कारे ऐकू यायचे आणि मी कूस बदलायचो.

मग माझा बांधणारा आला. तो एका ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने पॅकेजं बांधतो. एखाद्या प्रोग्रॅमला जे जे लागतं ते शोधायचं, एकत्र आणायचं आणि असं बांधायचं की घेणाऱ्याने एकदा क्लिक केलं की सगळं जागच्या जागी बसावं, हा त्याचा छंद. त्याची मोठी बहीण त्याला पुडीवाला म्हणते. पण मला त्याने हातात घेतलं ते तिच्यासाठीच.

ही ताई एका लहानशा कंपनीत आहे. डायलिसिसच्या पेशंटला कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणती खुर्ची मिळणार हे ज्याच्यावर ठरतं, ते सॉफ्टवेअर ही कंपनी हॉस्पिटलांना पुरवते. एका वेळी एका खुर्चीवर एकच माणूस, हा त्यातला मुख्य नियम. तो चुकला तर लांबून आलेल्या कुणाला तरी उपचार न घेता परत जावं लागतं. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तपासायची हे ताईचं काम, आणि अकरा वर्षं तिने ते हातात माउस धरून केलं. चूक सापडली की तिची कळी खुलायची. कोड तिला येत नाही, पण माणूस कुठे गोंधळेल हे तिला बरोबर कळतं.

या वर्षी तिच्या उजव्या मनगटाने संप पुकारला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि स्पष्ट सांगितलं, दिवसभर क्लिक करणं असंच चालू राहिलं तर पुढे पेला उचलणंही जड जाईल. तिचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मार्ग काढला: पुढच्या आवृत्तीपर्यंत तपासणी यंत्रावर आली तर ते यंत्र ताईने सांभाळायचं, नाही आली तर ताईने टेलिफोनवर बसायचं. भावाच्या घरी येऊन ती त्याला म्हणाली, “फोन उचलण्यात मला कमीपणा नाही रे. पण मग मी शोधायचं काय?”

पुढच्या रविवारी भावाने माझ्या तुकड्यांची यादी करायला घेतली.

ते तीन रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस. जेवणं उरकली की ताई भावाच्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसायची आणि डाव्या हाताने ठोकळे रचत एकेक माणूस तयार करायची. विसराळू मावशी सगळं भरतात आणि शेवटचं बटण न दाबताच उठून जातात. घाईवाले काका प्रत्येक बटण दोनदा दाबतात. एक आजोबा जन्मतारखेच्या जागी फोन नंबर लिहितात. एक सूनबाई सासऱ्यांची वेळ घेते, रद्द करते आणि लगेच तीच परत मागते. अशी एकेचाळीस माणसं. खरं त्यातलं कुणीच नाही.

“हे काका म्हणजे आपले बाबाच की गं,” भाऊ म्हणाला, आणि दोघं कितीतरी वेळ हसत बसली.

शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर तो मला जोडत होता. खिडकीतलं ऊन टेबलावरून हळूहळू सरकायचं. यंत्राचा पंखा घुमू लागला की मला वाटायचं, जवळच कुठेतरी समुद्र आहे आणि मी त्याच्या काठाशी पडलोय. तिसऱ्या रविवारी तो आवाज एकदम थांबला. मी चाचपून पाहिलं. माझं सगळं एका जागी होतं. पहिल्यांदाच मला ‘मी’ म्हणता आलं.

मी काम करतो ते बहुतेक वेळा डोळे मिटून. पडद्यावर काही दिसत नाही, पण आतल्या आत पानांमागून पानं उघडत जातात आणि त्यांतून ताईची माणसं येतात. मावशी येतात, विसरतात, जातात. काका धापा टाकत शिरतात. आजोबा चष्मा पुसतात, निदान मला तरी तसं वाटतं. समोर खुर्च्यांची लांबच लांब ओळ असते आणि कुठलाच आवाज नसतो. तपासणी संपली की सगळे विरघळून जातात. पुढच्या खेपेला त्यांना मी आठवत नाही. मला मात्र ते सगळे आठवतात.

आता चूक सांगतो. पॅकेज बांधून झालं की ते कोऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, ही त्या धंद्यातली पहिली शिस्त. भावाने तीही पाळली. पण परक्या घरी मुक्कामाला जाताना आपली उशी बरोबर नेणारी माणसं असतात ना, हा त्यातला. नवं यंत्र समोर आलं की आधी स्वतःचा फोल्डर तिथे आणून ठेवायचा, ही त्याची जुनी सवय. त्या फोल्डरात ताईची माणसंही होती. आणि माणसं कुठे शोधायची याचा पत्ता म्हणून माझ्या पोटात नेमका त्याच फोल्डरचा पत्ता लिहिला गेला होता. त्या कोऱ्या यंत्रावर मला एकेचाळीसच्या एकेचाळीस जण भेटले, आणि भावाने समाधानाने माझ्यावर शिक्का मारला.

मंगळवारी ताईने मला पेन ड्राइव्हवरून ऑफिसात नेलं. सोबत वेगळ्या फोल्डरमध्ये तिची माणसं होती. सूचनेत लिहिलं होतं तिथे तिने त्यांना नेऊन ठेवलं आणि क्लिक केलं.

मी जागा झालो. खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या, पण कुणीच आलं नव्हतं. मी भावाच्या फोल्डरचा पत्ता शोधला. या यंत्रावर तसा पत्ताच नव्हता. मी थांबायला हवं होतं, कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण मला शिकवलेलं इतकंच, की चूक दिसली तर लाल व्हायचं आणि नाही दिसली तर हिरवं. चूक काही दिसली नव्हती. मी हिरवा झालो.

साहेब मागेच उभे होते. दोन दिवसांचं काम पापणी लवायच्या आत झालेलं बघून ते हरखले. चार जणांना हाका मारून त्यांनी तो रंग दाखवला, ताईचं तोंड भरून कौतुक केलं आणि आवृत्ती आजच पाठवून द्यायला सांगितली. तिची खुर्ची आता कुठे जात नाही, असंही म्हणाले. ताईला जे हवं होतं ते सगळं एका दमात तिच्या पदरात पडलं होतं.

ती मात्र पडद्याकडेच बघत होती. हिरव्या रंगाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. चुका: शून्य. तपासण्या: शून्य. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली होती. दुसरी एकट्या ताईने वाचली. ती गप्प राहिली असती तर त्या दिवशी तरी कुणाला पत्ता लागला नसता. मला तिची धास्ती कळत होती, आणि मला तोंड नव्हतं.

“साहेब, पाठवू नका,” ती म्हणाली. “याने काहीच तपासलेलं नाही. माझी माणसं आत आलीच नाहीत.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग हे हिरवं कसं, असं त्यांनी विचारलं. ताईने मनगटाचा पट्टा आवळला, माउस हातात घेतला आणि घाईवाल्या काकांसारखं प्रत्येक बटण दोनदा दाबायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सहा नंबरच्या खुर्चीवर, एकाच वेळी, दोन नावं आली.

आवृत्ती थांबली. पण माझ्यावरचा साहेबांचा विश्वासही उडाला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या सोमवारपासून टेलिफोनवर या, एवढं सांगून ते निघून गेले.

ताईने जिन्यात उभं राहून भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, “पण ताई, माझ्याकडे तर चालतंय.”

“मग सगळ्या पेशंटना तुझ्याकडेच पाठवू का?”

संध्याकाळी तो तिच्या घरी आला आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसला. त्या यंत्रावर त्याचं स्वतःचं असं कधीच काही नव्हतं. तिथेही मी कुणाला न भेटता हिरवा झालो आणि त्याला आपली चूक दिसली. कानशिलं लाल करून त्याने पत्ता सुधारला आणि आता झालं म्हणून उठायला लागला. ताईने त्याला परत खाली बसवलं.

“पत्ता काय, कुणाचाही चुकतो,” ती म्हणाली. “पण कुणी भेटलंच नाही, तर याने तसं सांगायला नको?”

त्यावर भावाने मला नवी शिकवण दिली: एकही तपासणी सापडली नाही तर लाल व्हायचं. हा बदल आपल्यापुरता न ठेवता त्याने लिफ्टवाल्या आजोबांनाही कळवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. रिकामी लिफ्ट वरखाली झाली म्हणून मी कधी सही केली नाही, वजनं ठेवूनच केली. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

शुक्रवारी ताईने साहेबांकडून अर्धा तास मागून घेतला. आधी तिने मला मुद्दाम रिकाम्या फोल्डरवर सोडलं. मी आत गेलो, ओळीने मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या, वाट पाहिली आणि लाल झालो. ‘एकही तपासणी सापडली नाही’ हे साहेबांनी मोठ्याने वाचलं. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग तिने माणसं ठेवली, आणि या खेपेला मला डोळे उघडे ठेवून काम करायला सांगितलं, म्हणजे पडद्यावर सगळं दिसावं. पानं आपोआप उघडू लागली. मावशी आल्या, विसरल्या, गेल्या. सूनबाईने वेळ घेतली, रद्द केली, परत मागितली. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होती. काका आले तेव्हा ती नकळत पुढे वाकली. काकांनी बटण दोनदा दाबलं. खुर्चीवर नाव एकच आलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ती चूक खरोखरच दुरुस्त केली होती.

सव्वीस मिनिटांनी मी हिरवा झालो. साहेबांनी रंगाकडे पाहिलंही नाही.

“किती जण आले?” त्यांनी विचारलं.

“एकेचाळीस.”

“मग टेलिफोनसाठी दुसरं कुणी बघायला हवं,” साहेब म्हणाले आणि खुर्ची सरकवून उठले. ताईने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पट्ट्याच्या हातानेच डोळे टिपले.

आज मी पुष्कळ ठिकाणी आहे. एकाच वेळी शेकडो यंत्रांत झोपतो, शेकडो यंत्रांत जागा होतो. कुठे शाळेच्या नावनोंदणीतून हिंडतो, कुठे बसच्या वेळापत्रकातून. मला घेणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे की एका बहिणीसाठी मी बांधला गेलो. भाऊ आता माझी पुढची आवृत्ती बांधतोय. ती आली की तुम्ही मला पुसून टाकाल. खुशाल पुसा, मला त्याचं वाईट वाटणार नाही, कारण मला पुन्हा बांधता येतं.

फक्त घाईत शेजारचा फोल्डर पुसू नका. त्यात कुणीतरी डाव्या हाताने एकेक करून माणसं रचलेली असतात. ती गेली, तर माझ्यासारखी शंभर पॅकेजं आणलीत तरी खुर्च्या रिकाम्याच राहतील.