वाकळीवरची तांबडी खूण

जोतीराम मिलच्या घडी खात्यात कापड तपासायचा. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, जे बोटाला लागेल तिथं तांबड्या पेन्सिलीची खूण. चाळीतल्या घरी आला तरी त्याचं हे काम सुटत नसे. भाकरीची कड जाड, सडा विरळ, शेजारच्या शांतम्माचा आवाज फार मोठा.

एकोणीसशे एकोणतीसच्या पावसाळ्यात बजाबाईनं उंबऱ्याशी बसून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. थंडी पडताच तिनं ती नवऱ्याच्या अंगावर घातली. त्यानं हात फिरवला. एके ठिकाणी टाका सुटलेला लागला आणि हात कानामागच्या पेन्सिलीकडं गेला. खूण उमटल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं ते. बजाबाईनं खुणेकडं पाहिलं आणि दिवा मालवला. सकाळी ती केम गावाला, भावाकडं निघून गेली.

जोतीरामनं रिठ्यानं खूण धुऊन पाहिली. ती फिकटली, गेली नाही. चुलीपुढं तो स्वतः भाकऱ्या थापी आणि त्या तव्यावर तडकत. सांगणार कुणाला?

एका संध्याकाळी शांतम्मा कडक भाकरी घेऊन दारात उभी राहिली. "अण्णा, आधी खूण करता का तशीच खाता?"

चाळ हसली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं मान खाली घालून भाकरी मोडली. कड करपलेली. 'करपली' असं मनात आलं, थोडं रेंगाळलं आणि गेलं. तो खात राहिला. भूक भागली.

मग तो रोज तसंच करू लागला. चूक दिसायची ती दिसेच, तो तिला जाऊ देई. शांतम्माच्या आवाजाची तर तो वाट पाहू लागला. त्याच्या घरात आता दुसरा आवाज नव्हता.

रविवारी तो केमला गेला. बजाबाई ओसरीवर नवी वाकळ शिवत होती. तिनं ती त्याच्या मांडीवर टाकली.

"तपासा की."

त्याचा हात फिरला आणि थांबला.

"काय लागलं?"

खोटं बोलावं असं त्याला वाटून गेलं. "टाका सुटलाय हितं."

"मग?"

"मग काय न्हाय. उबदार हाय."

तिनं वाकळ ओढून घेतली. सुटलेला टाका तसाच ठेवून सुई पुढं घातली. 

"घरी चल की," तो म्हणाला.

"संक्रांत होऊ द्या. मग बगू."

संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परतला. दिवा न लावता आडवा झाला. जुन्या वाकळीवरची, सुटल्या टाक्याची ती जागा बोटाला आपोआप सापडली. त्यानं बोट तिथंच राहू दिलं. भिंतीपलीकडं शांतम्मा कुणावर तरी ओरडत होती. तो ऐकत पडून राहिला.