साबणाच्या डबीतली शर्यत

माझा थोरला, मायरम्बेक, बिश्केकला राहतो, म्हणून स्वतःला फार शहाणा समजतो. बिघडलेला, गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम त्यानं आमच्याकडे अत-बाशीला, गावी, आणून टाकला. धाकट्या सुनेनं, कनिशायनं, महिनाभर खपून तो चालू केला. तर हा ईदेच्या आदल्या दिवशी येऊन म्हणतो, "आता नेतो मी."

"दुरुस्त तिनं केलाय," मी म्हटलं.

"मग उद्या पाहुण्यांसमोर मला शर्यतीत हरवू दे. हरवलं तर ठेवा."

लबाड मेला. पाहुणे बसलेत तोवर सून सामोवारापासून, चहाच्या बंबापासून, हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. टीव्ही खोलीच्या वरच्या टोकाला, सामोवार दाराशी. कंट्रोलरची वायर मधेच संपते, आणि ताणली तरी मांडलेल्या रोट्यांवरून जाणार. ते आमच्यात चालत नाही.

कनिशायनं मग पोरांची रिमोटवरची गाडी उकलली. रिमोटचं पोट साबणाच्या डबीत बसवलं, गाडीचं पोट कंट्रोलरच्या बटणांना डाख देऊन जोडलं. एरियल म्हणून माझी विणायची सुई. तिनं डावीकडचं बटण दाबलं तर टीव्हीतली गाडी वळली, आणि शेजाऱ्याचं गाढवही वळलं. खोटं वाटत असेल तर गाढवाला विचारा. सुई अर्धी कापली तेव्हा कुठे ते सरळ चालायला लागलं.

ईदेला घर भरलं. मायरम्बेक खेळायला बसला, टीव्हीत त्याच्या गाडीशेजारची दुसरी गाडीही निघाली.

"ही कोण चालवतंय?" तो इकडेतिकडे बघायला लागला.

"मी, भाऊजी," दाराशी बसलेली कनिशाय म्हणाली. "चहा देऊ?"

पाहुणे असे हसले की छताची माती पडली. तिचा एक हात तोटीवर, दुसरा डबीवर. तिचं लक्ष उडवायला हा दर वळणाला पेला पुढे करायचा. "चहा." ती द्यायची. "अजून चहा." तोही द्यायची.

शेवटच्या फेरीत तिनं पेला काठोकाठ भरून पाठवला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच पेला देतात. काठोकाठ म्हणजे, आता निघा.

मायरम्बेक पेल्याकडे बघत राहिला. त्याची गाडी भिंतीवर, तिची रेषेपार.

"मला हाकलतेस?"

"छे हो, भाऊजी. तुम्हीच सारखा मागत होतात, म्हटलं एकदाचा पोटभर घ्या."

गेम आमच्याकडेच राहिला. निघताना बूट घालता घालता तो हळूच म्हणाला, "कनिशाय, तसली एक डबी मलाही करून दे ना."

"देईन की. तुमच्या आधी चार पाहुणे रांगेत आहेत."