मार्डेलच्या आईसमोर

शनिवारी लग्न होतं आणि गुरुवारची दुपार झाली तरी आर्लिसच्या कागदावर एवढंच होतं: ‘ऑरिन, मी तुला वचन देते की’.

त्यापुढे काही केल्या पेन सरकेना. हट्ट तिचाच होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल ते. मिनियापोलिसहून येणारी प्रत्येक मैत्रीण सांगायची, पाळकामागून पोपटासारखी वचनं म्हणायचे दिवस गेले, आता ज्याची त्याने लिहायची. पण आर्लिसला फॅशनचं काही पडलं नव्हतं. ऑरिन स्कारने पुस्तकातली वचनं आधी एकदा म्हटलेली होती. त्याच चर्चमध्ये, त्याच पाळकांमागून, मार्डेल फॉसमचा हात हातात धरून. ‘मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत’ असं तो म्हणाला होता, आणि मरणाने फार वाटही पाहिली नव्हती. तेच शब्द आपल्या अंगावर थोरल्या बहिणीच्या उतरलेल्या झग्यासारखे चढावेत, हे आर्लिसला नको होतं.

“शब्दांचा काय दोष त्यात?” ऑरिन म्हणाला होता. मग तिच्या तोंडाकडे बघून, “बरं. लिहू.”

आमच्याकडचे पुरुष एवढंच बोलतात. गोठा जळाला तर ‘जरा गैरसोय झाली’ म्हणतील.

आता संध्याकाळी तालीम, आणि पाळक नूटसनना दोघांचे कागद आधी बघायचे होते. शाळेत पोरांना निबंध शिकवणारी आर्लिस कागदापुढे ढ पोरासारखी बसली होती. ‘तुझं घर मी सजवीन’ म्हणावं, तर स्वयंपाकघराचा तो पिवळा रंग मार्डेलने दिलेला. ‘तुझ्या सुखदुःखात’ म्हणावं, तर त्याचं सगळ्यात मोठं दुःख तीच. आणि कुठलंही वाक्य मनात म्हटलं की समोरच्या बाकावर बोर्गहिल्ड फॉसम बसलेली दिसायची. मार्डेलची आई. चर्चच्या एवढ्याशा मंडळीत लग्न म्हटलं की सगळे येणार, ती कशी येणार नाही? जे वचन मार्डेलच्या आईच्या तोंडावर म्हणायची आपली छाती होत नाही, ते मुळात द्यावं तरी का? हा प्रश्न आर्लिसला सकाळपासून कुरतडत होता. अजून लग्न मोडता येईल, असंही एकदा मनात येऊन गेलं.

कागद पर्समध्ये कोंबून ती टेबलक्लॉथ द्यायला चर्चच्या तळघरात गेली. चर्चमधल्या जेवणावळी बघणाऱ्या रूथ मंडळाच्या बायका कप विसळत होत्या. मंडळाची प्रमुख तिची लावोनमावशी.

“आली बघा नवरी! तोंड का असं? हॅम कमी पडेल म्हणून?”

“बोर्गहिल्डबाई दिसत नाहीत,” आर्लिस म्हणाली.

बायकांचे हात थांबले. लावोनमावशी आवाज उतरवून म्हणाली, “तिला कामाला नाही बोलावलं या वेळी. कशाला बिचारीला त्रास? तुलाही अवघड. पाहुण्यांत बसेल, दोन तासांत जाईल.”

“मग कॉफी?”

“करू आम्ही. आपली नेहमीची अंड्याची कॉफी ती, अंडं फोडून भुकटीत कालवायचं, त्यात कसलं आलंय शास्त्र!”

आर्लिसला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. या तळघरात लग्न असो की मयत, कॉफी बोर्गहिल्डबाईंची. स्वतःच्या लेकीला पुरून आल्यावरसुद्धा त्या कोट काढून सरळ चुलीपाशी गेल्या होत्या, आणि तेव्हा त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

तालमीला अजून अवकाश होता. तिने गाडी काढली आणि फॉसमांच्या घरी नेली, वाटेत दोनदा परत वळवावीशी वाटली तरी.

बोर्गहिल्डबाई बटाट्याच्या वाफ्यात खुरपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मुरंब्याला रूबार्ब हवा असेल तर कोपऱ्यात आहे. तो न्यायलाच येतात लोक.”

“रूबार्ब नको. मी... तुम्हाला मंडळाने बोलावलं नाही, हे मला आत्ता कळलं.”

“बोलावलंय की! पाहुणी म्हणून. टोपी घालून, मांडीवर पर्स धरून बसायचं. मेल्यावर बसवा म्हणावं तसं.”

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी—”

“ठाऊक आहे.” बाई सरळ झाल्या. “माझ्या त्रासाची या गावाला फार काळजी. मी दुकानात शिरले की बायका पावसापाण्यावर येतात. हवामानाचं एवढं मी जन्मात ऐकलं नव्हतं, पोरी. तिचं नाव मात्र कुणी घेत नाही. जशी काही मी तिला विसरलेय आणि नाव घेतलं तर त्यांनीच आठवण करून दिल्यासारखं होईल.”

आर्लिसने पर्समधला कागद काढला. का काढला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“मला वचन लिहायचंय. संध्याकाळी दाखवायचंय. काहीही लिहिलं की तुम्ही समोर दिसता.”

बोर्गहिल्डबाईंनी चष्मा कपाळावर सारून ती अर्धी ओळ वाचली. “बरंच झालंय की,” त्या म्हणाल्या.

आर्लिसला हसू आणि रडू एकदम आलं.

“पुस्तकातलं म्हण मग.”

“ते मार्डेलचं आहे.”

नाव तोंडातून गेलं. बाईंनी खुरप्याची माती बोटाने पुसली, पुसलेल्या जागी पुन्हा पुसली.

“तिचं कसलं? माझंही तेच होतं, माझ्या आईचंही. मार्डेलने काय विकत घेतलं होतं?” मग त्या आर्लिसच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “तुझं वचन ऐकून मला आनंद होईल, असं मी म्हणणार नाही. तेवढं मागू नकोस.”

“नाही मागत. कॉफी कराल?”

“मंडळाने विचारायला हवं.”

“मी विचारतेय.”

“तू नवरी. नवरीला तळघरात कोण विचारतं?” त्या पुन्हा वाफ्यात वाकल्या. मग तिथूनच आवाज आला, “माणसं किती येणारेत?”

आर्लिसने गाडीतच, स्टिअरिंगवर कागद ठेवून, वाक्य पुरं केलं. मग वाचलं, घडी घातली आणि गाडी चर्चकडे वळवली.

तालमीच्या वेळी पाळकांनी आधी ऑरिनचा कागद वाचला. ‘मी रोज तुझ्याशी बोलेन,’ एवढंच होतं त्यात.

“एवढंच, ऑरिन?”

“पुष्कळ आहे ते,” ऑरिन म्हणाला.

मग त्यांनी आर्लिसचा कागद वाचला, चष्मा काढला. “बाई, लग्नात हे नाव... लोक काय म्हणतील?” त्यांनी कागद ऑरिनपुढे धरला. ऑरिनने वाचला, घडी घातली आणि बाहेर गेला. दार लागल्याचा आवाज झाला. आर्लिस उभीच राहिली. आपण सगळं घालवलं, असं तिला वाटलं. पाळक उगाच भिंतीवरच्या फळ्यावर भजनांचे आकडे लावत बसले. ऑरिन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

“राहू दे ते,” तो पाळकांना म्हणाला. “तसंच राहू दे.”

शनिवारी आर्लिस वेदीपाशी वळली तर फॉसमांच्या बाकावर फक्त मार्डेलचे वडील, म्हातारे फॉसम होते. शेजारची जागा रिकामी. बाई तळघरात. आपणच कॉफी करायला बोलावून त्यांना न ऐकण्याची सोय करून दिली, हे आर्लिसच्या तेव्हा ध्यानात आलं. आता हळू म्हटलं तरी चालणार होतं. पाळकांनाही ते बरंच वाटलं असतं.

तिच्या पायाशी जमिनीत लोखंडी जाळी होती. तळघरातल्या भट्टीची ऊब हिवाळ्यात तिच्यातून वर यायची. आज कॉफीचा वास येत होता आणि खालून कपांची खडखड.

आर्लिस शाळेतल्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

“ऑरिन, मी तुला वचन देते की आपल्या घरात मार्डेलचं नाव घ्यायला कुणाला भीती वाटणार नाही. तुला नाही, मला नाही, आणि दारात येईल त्या कुणालाही नाही. आणि मी तुझ्यावर प्रेम करीन, मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत.”

लावोनमावशीच्या हातातली कार्यक्रमाची पत्रिका खाली पडली. खाली कपांचा आवाज थांबला होता. पाळक पुढे बोलायला कचरत होते, आणि ती तशीच ऐकत उभी राहिली, बराच वेळ, जाळीखालचा कप पुन्हा बशीवर ठेवला जाईपर्यंत.