दोन मजल्यांचं अंतर

दोघे भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होते. थोरल्याने धाकट्याला हाताशी धरून सगळं शिकवलं. एका दुपारी थोरला लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता आणि धाकटा दोन मजले वर, उघड्या दारातून उजेड दाखवत होता. थोरल्याचा पाय घसरला. टप आणि भिंतीमधल्या फटीतून तो खाली पडला, तो गेलाच.

त्यानंतर धाकट्याने लिफ्टच्या पोकळीत उतरून काम करणं सोडलं. कारखान्यात बसून मोटारी उघडायच्या, एवढंच. जड काही पडलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणून वहिनीकडे तर तो दीड वर्ष फिरकलाच नाही.

शेवटी त्याची मोठी बहीण, ताई, त्याला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. काही आठवणी मनात अडकून बसतात, जुन्या होतच नाहीत, असं बाई म्हणाल्या. तो प्रसंग आठवत नजर डावी-उजवीकडे फिरवली, की पुष्कळांना ती गाठ सैल झाल्यासारखी वाटते.

"डोळे फिरवून डोकं ताळ्यावर येतं होय?" तो जिन्यात ताईला म्हणाला. तरी जात राहिला.

पहिले दोन दिवस बाईंनी फक्त श्वास घ्यायला आणि सोसेना झालं तर हात वर करायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्यांची दोन बोटं त्याच्या डोळ्यांपुढे हलू लागली. त्या दिवशी त्याने दोनदा हात वर केला.

पाचव्या खेपेला बाईंनी विचारलं, "आता काय दिसतंय?"

"दादाचा हात. मी धरला नाही."

बोटं पुन्हा हलली, थांबली.

"पोचलाच नसता माझा हात," तो सावकाश म्हणाला. "दोन मजले होते मधे."

हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. चौकशीत त्यानेच तसं लिहून दिलं होतं. पण पटलं ते त्या खुर्चीत. तो ढसाढसा रडला.

पुढच्या महिन्यात तो वहिनीकडे गेला. तिने एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त विचारलं, "भाऊजी, शेवटी काही बोलले का ते?"

"लवकर निघू म्हणाला. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायची आहेत."

"मला वाटलं, विसरले असतील," वहिनी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. तो तिथेच बसून राहिला. उठून जावंसं त्याला वाटलं नाही.